रायगडावर वॉटरमार्क

सातवीच्या प्रकल्पवहीत रायगड असतो आणि रायगडावर आडवा पसरलेला, फोटो विकणाऱ्या कंपनीचा वॉटरमार्क. गड पुन्हा परक्यांच्या ताब्यात! खाली ‘संदर्भ : गुगल’ अशी प्रामाणिक नोंद. म्हणजे माल ज्या रस्त्याने आणला, तो रस्ताच मालाचा मालक. बाई लाल शाईने शेरा मारतात, तो समास न सोडल्याबद्दल.

वास्तविक बिनधास्त वापरता येतील अशी चित्रं भरपूर आहेत. चित्रकार राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांच्या चित्रांवरचा स्वामित्वहक्क संपून ती केव्हाच सगळ्यांची झाली. विकिमीडिया कॉमन्सवर गडकिल्ल्यांचे फोटो फुकट मिळतात. बहुतेकदा छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना लिहिला की काम झालं. पण एवढं वाचणार कोण? प्रकल्प उद्या द्यायचाय आणि रात्री अकराला तो आई करतेय. तर मातोश्री, चित्राखाली गुगलचं नको, फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा.