जिलब्या मारुतीचा न्याय

समुद्र ओलांडणारा, द्रोणागिरी उचलून आणणारा, सोन्याची लंका जाळणारा देव पुण्यात राहायला आला आणि त्याचं नाव पडलं जिलब्या. कारण शेजारी हलवायाचं दुकान होतं. देवाच्या चरित्रातलं एकही पान उलटायची तसदी कुणी घेतली नाही. शेजारच्या कढईत काय तळलं जातंय, ते मात्र पेठेनं बरोबर टिपलं.

बरं, हा अपवादही नाही. भांग्या मारुतीपाशी भांग मिळे. शनिवारवाड्यापुढे भाजीबाजार भरे, म्हणून तिथला मारुती बटाट्या. १८८६ साली रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उभी राहिली. भाजीवाले तिकडे गेले, बटाटेही गेले. नाव मात्र मारुतीच्या गळ्यात ठेवून गेले. पत्र्या मारुतीच्या छपराला पत्रा होता. रास्ता पेठेत उंट बांधत, म्हणून तिथला उंटाडे. रड्या मारुतीपाशी प्रेतयात्रा थांबत आणि लोक रडत. मारुती स्वतः कधी रडल्याचं ऐकिवात नाही, पण नाव त्याचं झालं. वाचकहो, दुसऱ्याच्या दुःखात सहभागी होण्याची किंमत ही अशी असते.

विठोबाची कथा वेगळी नाही. पासोड्यांचा बाजार भरे तिथला तो पासोड्या. निवडुंगात सापडला तो निवडुंग्या. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी नाना पेठेत त्याच्याकडेच मुक्कामाला असते, तरी ज्या काट्यांतून तो बाहेर आला ते काटे त्याच्या नावातून काही निघाले नाहीत. उपाशी विठोबाचं पथ्यपाणी मुळात मंदिराशी संबंधित भक्ताचं होतं, असं सांगतात. म्हणजे पोट एकाचं, उपास त्याचाच, आणि उपाशी म्हणून गावभर नाव झालं देवाचं. दाढीवाल्या दत्ताच्या दर्शनाला जाऊन मूर्तीची हनुवटी न्याहाळू नये. दाढी भक्ताची होती.

पण सगळ्यांत वाईट वाटतं ते सदाशिव पेठेतल्या मुरलीधराचं. हातात बासरी, चेहऱ्यावर प्रसन्न हसू, आणि नाव खुन्या. पेशवाईत या मूर्तीवरून दाराशी लढाई जुंपली आणि माणसं पडली, असं एक पक्ष सांगतो. दुसरा पक्ष १८९९ सालाकडे बोट दाखवतो. वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना गोळ्या घातल्या, त्या इथूनच जवळ, म्हणून हे नाव. म्हणजे गुन्हा कोणता यावर फिर्यादींचं एकमत नाही, आरोपी गाभाऱ्याबाहेर पडलेला नाही, त्याच्याकडे सापडलेलं हत्यार बासरी आहे, आणि तरी शिक्षा कायम. अपील करायला कुठलं न्यायालय नाही, कारण न्यायाधीश सगळे पेठेतच राहतात.

स्वतःच्या कृतीवर टोपणनाव कमावलेला मला एकच देव ठाऊक आहे, गणेश पेठेतला डुल्या मारुती. पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला तेव्हा हा इथं बसल्या जागी डुलला, अशी आख्यायिका आहे. अख्ख्या पुण्यात कर्तृत्वाला दाद मिळाली ती एवढी. त्यातही कर्तृत्व काय, तर हलला.

तर न्याय असा आहे: टोपणनाव तुमच्या गुणांनी पडत नाही, तुमच्या दाराशी काय चाललंय त्यावरून पडतं. ते ठेवताना तुम्हाला विचारत नाहीत आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. महापालिकाही यापुढे हतबल आहे. कागदोपत्री छत्रपती संभाजी पूल असलेल्या पुलाला पुणं लकडी पूल म्हणतं. त्यातलं लाकूड जाऊन किती पिढ्या लोटल्या हे विचारणं उद्धटपणाचं ठरेल. पलीकडचा शिवाजी पूल १९२३ साली लॉइड ब्रिज म्हणून सुरू झाला. इंग्रज गेले, लॉइडसाहेबांचं नाव गेलं, पुलानं शंभरी ओलांडली. पण घरातली पहिली सून पणजी झाली तरी सासूच्या लेखी नवीच असावी, तसा तो आजही ‘नवा पूल’ आहे.

माणसांचं काय होणार हे यावरून ओळखावं. भाऊसाहेब लक्ष्मण जावळे हे राजवैद्य. नाडी पाहत, औषध देत. पण घरी कापड रंगवण्याचा धंदा होता, म्हणून गाव त्यांना रंगारी म्हणालं आणि त्यांच्या काढ्यांनी बरे झालेले रुग्णही ‘भाऊ रंगाऱ्यांनी वाचवलं’ म्हणाले असणार. सार्वजनिक गणपती आधी कुणी बसवला, भाऊ रंगारींनी की लोकमान्यांनी, यावर पुण्यात वाद आहे आणि तो दर भाद्रपदात नव्यानं उकळतो. जावळे हे आडनाव कुणाच्या लक्षात आहे का, यावर मात्र वाद नाही. गंमत म्हणजे वादातली दुसरी बाजूही टोपणनावाचीच. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. घरात बाळ म्हणत, आणि इंग्रज सरकारनं खटला भरला तो बाळ गंगाधरावर. केशव कुठल्याच आरोपपत्रात नाही. शेजारी दगडूशेठ, आडनाव गडवे. पण मिठाई उत्तम करत, सबब हलवाई. आता अख्खा महाराष्ट्र ज्या गणपतीपुढे रांग लावतो तो बाप्पाही हलवाई झाला आहे. जिलब्या मारुतीपासून हे अंतर फार नाही.

महाराष्ट्रातली निम्मी आडनावं म्हणजे अशीच कुणीतरी कधीतरी मारलेली आणि चिकटून राहिलेली हाक असावी, असा माझा दाट संशय आहे. एकबोटे, टकले, दहातोंडे, सातपुते. यातल्या आगलाव्यांविषयी मला विशेष सहानुभूती वाटते. दहाएक पिढ्यांपूर्वी गावात गंजी पेटली. पूर्वजानं ती पेटवली की तो नुसता तिथं उभा होता, कोण जाणे. मारुतीचा न्याय पाहता नुसता उभाच असावा. पण आज त्याचा वंशज विमा कंपनीत आगीच्या विम्याचा अर्ज भरायला जातो आणि काउंटरवरची बाई आडनाव दोनदा वाचते.

हे सगळं आपल्या राजकारणातल्या धोरणी मंडळींनी फार पूर्वी ओळखलं. शेजाऱ्यांवर सोडलं तर आपलं काय होईल, याचा त्यांना पूर्ण अंदाज आहे. जुनी युक्ती नात्यांची होती. पेशव्यांच्या घरात बाळाजी बाजीरावांना नानासाहेब म्हणत, सदाशिवरावांना भाऊ, रघुनाथरावांना दादा. आजही तालुक्याच्या गावी बस थांबली आणि कुणी ‘दादा आले’ म्हणालं तर निदान चार पक्षांचे लोक मागे वळून पाहतात. रघुनाथरावांना उत्तरेतल्या घोडदौडीबद्दल ‘राघोभरारी’ असं खास, कमावलेलं नावही मिळालं होतं. पण लोकांनी लक्षात ठेवली ती भरारी नाही, ‘ध’चा ‘मा’. एवढ्या अनुभवानंतर शहाणा माणूस जनतेवर विसंबत नाही. तो सरळ फ्लेक्सवाल्याकडे जातो.

कार्यसम्राट. विकासपुरुष. तरुणांचे आशास्थान. गोरगरिबांचा आधारवड. टोपणनाव पाठीमागे पडतं आणि फुकट असतं. ही नावं समोर टांगलेली असतात आणि चौरस फुटावर आकारणी होते. त्यात सोय अशी की कार्य होण्याआधी कार्यसम्राट होता येतं. ‘भावी’ हा शब्द लावला की निवडणूक होण्याआधी नगरसेवकही होता येतं. खाली शुभेच्छुकांचे फोटो असतात. त्यांतला प्रत्येक जण पुढच्या महिन्यात आपल्या वाढदिवसाला कुठल्या तरी प्रांताचा सम्राट होणार असतो. शिवाजी महाराजांनी एवढ्या खटपटीनं एक राज्य उभं केलं. आमच्या एका चौकात सध्या अकरा सम्राट आहेत आणि सिग्नल बंद आहे.

म्हणून माझी नम्र सूचना आहे की लोकप्रतिनिधींनाही जिलब्या मारुतीचाच न्याय लावावा. जे देवानं मुकाट्यानं सोसलं ते भक्तांना जड जाऊ नये. त्यांची कामं पाहू नयेत. तशीही ती शोधावी लागतात. दारात काय आहे तेवढंच पाहावं. ज्यांच्या कार्यालयापुढे रस्ता बारा महिने खणलेला असतो, ते खड्ड्या भाऊ. ज्यांच्या प्रभागात नळ कोरडे आणि टँकर कधी न चुकणारे, ते टँकऱ्या आबा. धडधाकट फुटपाथ उखडून त्यावर नवे ब्लॉक बसवणारे आणि मार्च महिना जवळ आला की अस्वस्थ होणारे, ते ब्लॉक्या अण्णा. सभागृहात पाच वर्षं तोंड न उघडलेल्यांसाठी शनिवार पेठेतल्या गुपचूप गणपतीचं नाव तयारच आहे. उपाशी हे नावही वापरता येईल, कारण इथंही उपास दुसऱ्याचाच असतो.

डुल्या मात्र जपून वापरावं लागेल, उमेदवार फार आहेत. शिवाय मारुतीवर अन्याय होईल. तो पानिपत झाल्यावर डुलला. ही मंडळी लढाईच्या आदल्या रात्रीच डुलून पलीकडच्या छावणीत सत्काराला उभी असतात. खुन्या हे नाव तर कुणालाच देऊ नये. ज्याला ते शोभेल तो अब्रुनुकसानीचा दावा लावील. मुरलीधरानं अजून लावलेला नाही, पण त्याच्याकडे वकिलाचे पैसे नसावेत.

आमच्या भागातल्या एका कार्यसम्राटांनी मात्र ही योजना जाहीर होण्याआधीच मनावर घेतलेली दिसते. वाढदिवसाचा वीस फुटी फलक लावायला त्यांना मोक्याची जागा मिळाली ती सार्वजनिक मुतारीच्या भिंतीची. वाढदिवस होऊन गेला, फलक आहे. हात जोडलेले, हसतमुख, बरोबर दरवाजाच्या वर. हल्ली आम्ही पाहुण्यांना घराचा पत्ता सांगताना त्यांचंच नाव घेतो. अर्थात फलकावरचं नव्हे. जे घेतो ते सभ्य वर्तमानपत्रात छापता येत नाही. रिक्षावाल्यांना मात्र लगेच कळतं.