निराश जाणकार

निराश जाणकार नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत सगळीकडे आढळतो. ज्या सिनेमाने घोर निराशा केली, तो शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत पाहिलेला असणे, ही त्याची पक्की ओळख. आवडलेला सिनेमा त्याच्या बोलण्यात दोन मिनिटांत उरकतो. न आवडलेला कस्तुरचंद पार्कजवळच्या तर्री पोह्यांच्या गाडीवर दुसरी प्लेट संपेपर्यंत पुरतो.

‘द सबस्टन्स’ ही त्याची अलीकडची लाडकी निराशा. कोराली फार्जा या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या या सिनेमाला २०२४ साली कान महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले, पुढे रंगभूषा-केशभूषेचे ऑस्करही. पन्नाशी गाठली म्हणून नारळ मिळालेली टीव्ही तारका (डेमी मूर) एक द्रव टोचून घेते, तिची पाठ उभी उसवते आणि आतून कोवळी तरुणी बाहेर येते. दोघींनी सात-सात दिवस आलटून पालटून जगायचे असते. ते अर्थातच जमत नाही. शेवटी प्रेक्षागृह रक्ताने धुऊन निघते.

जाणकाराचा आक्षेप एका वाक्यात मावतो : “अबे, वीस मिनिटांतच समजलं ना! मंग दोन तास कायले बोंबलून राहिले?” आक्षेप बिनतोड आहे. लंपट निर्मात्याचे नाव हॉलिवूडच्या बदनाम निर्मात्यासारखे हार्वे ठेवूनही टोमणा पोचला नसेल, अशा शंकेने कॅमेरा त्याच्या कोळंबी चावणाऱ्या तोंडात जवळजवळ शिरतो. सावजीचा रस्सा घाम पुसत ओरपणारा जाणकार इथे मात्र ताट बाजूला सारतो.

मग तुलनेला ‘तुंबाड’ (२०१८) निघतोच. त्याचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांची कथा १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात मित्राकडून ऐकली होती. तेवढ्या भांडवलावर तो सिनेमा नागपूरच्या खाती जमा होतो. नागझिरा भंडारा-गोंदियाकडे आहे, ही किरकोळ बाब. अंगातून झाड उगवलेली ‘तुंबाड’मधली म्हातारी थोडाच वेळ दिसते आणि रक्ताच्या पिंपांपेक्षा जास्त झोप उडवते, हे मात्र त्याचे म्हणणे मान्य करावे लागते.

इतके बोलूनही तो ‘द सबस्टन्स’ मित्रांना मुबीवर लावून देतो. स्वतः पडद्याकडे पाहत नाही, मित्रांच्या चेहऱ्यांकडे पाहतो आणि पाठ उसवायच्या दहा सेकंद आधी कोपराने ढोसतो : “आता पाय बे, आता!”