सहा महिने, एक जोड

"बाबा, बूट एकच जोड. पायात असेल तेवढाच," असा हुकूम मुलीने सिएटलहून सोडला, तेव्हा आम्ही दोघं डोंबिवलीच्या घरात जमिनीवर सामान मांडून बसलो होतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर सहा महिने जग बघायचं ठरलं होतं. व्हिएतनाम, जपान, न्यूझीलंड, मग तुर्कस्तानवरून युरोप आणि शेवटी स्पेनमध्ये थोडी पायपीट. मुलीचं म्हणणं असं की सामानात सगळ्यात जास्त नडतात ते बूट. त्यांची घडी होत नाही, ते दाबले जात नाहीत आणि शर्टांना त्यांचा वास लागतो. तेव्हा डोंगरात चालेल, शहरात खपेल आणि पावसात टिकेल असा एकच दणकट जोड घ्यायचा.

माझा एक जुना जोड माळ्यावर होता, खोक्यात, कागदात गुंडाळून, जपून ठेवलेला. तो घालून गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या आणि मागे वळून पाहिलं, तर सोलचा भुगा पडत आलेला. मुलीने त्याचंही कारण सांगितलं. सोलच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं, ते हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातं आणि न वापरताही संपतं. मुंबईच्या हवेत तर विचारूच नका. मी लोखंडी कपाटात ठेवलेल्या इतर गोष्टींचा विचार करून गप्प बसलो.

नवा जोड आणला. घोट्याच्या वर येणारा, करडा, निम्मा कापडी आणि निम्मा उलट्या चामड्याचा. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, यात पाणी आत जातच नाही." हे खोटं निघालं. त्याने न सांगितलेली गोष्ट मात्र शंभर टक्के खरी निघाली: एकदा आत गेलेलं पाणी बाहेरही येत नाही. बूट चावू नयेत म्हणून महिनाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये घालून फिरलो. वॉचमनने दोनदा विचारलं, "साहेब, गाडी सापडत नाही का?"

हा एका जोडाचा कायदा मुलीच्या आईला लागू नव्हता. हिने चार जोड घेतले. चालायचे बूट, सँडल, कोल्हापुरी ("कुठे साडी नेसायची वेळ आली तर?") आणि जांभळ्या फुलांच्या रबरी स्लिपर. माझ्या पिशवीत जागा झालेलीच होती, त्यामुळे चारातले तीन जोड माझ्या पाठीवर आले.

हनोईच्या जुन्या पेठेत तिसऱ्याच दिवशी एक माणूस माझ्या बुटाकडे बोट दाखवत धावत आला. काय लागलंय म्हणून मी पाय उचलला. तो परत जमिनीला टेकायच्या आत टाचेला गोंद लागून वर दोन टाके पडले होते. टाच अजिबात उघडली नव्हती, बूट कोरा होता. पण झालेल्या कामाचे पैसे द्यावेच लागतात, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. "कर्ज खात्यात होतात ना तुम्ही?" एवढंच ही म्हणाली. या टाचेविषयी पुढे सांगायचं आहे.

जपानात बुटांनी सूड घेतला. जपानी घराच्या किंवा जुन्या धर्तीच्या खानावळीच्या दारात शिरल्याशिरल्या एक खोलगट जागा असते, तिला गेनकान म्हणतात. तिथे बूट काढायचे, आणि बुटातून निघालेला मोज्याचा पाय त्या खालच्या फरशीला न लावता थेट वरच्या पायरीवर ठेवायचा. जपानी माणूस हे सगळं चालता चालता करतो. त्याचे बूट नाडीबिडीच्या भानगडीत पडत नाहीत. तो त्यातून नुसता बाहेर येतो, वळतो, त्यांची तोंडं दाराकडे करतो आणि आत जातो. माझ्या बुटाला प्रत्येकी सात जोड्या भोकं आणि वर दोन आकडे. मी एका पायावर उभा, हात भिंतीवर, दुसरा पाय हवेत, पाठीवर हिच्या चपला.

मागे रांग लागायची. आणि रांगेतलं कुणी हूं की चूं करायचं नाही. "अहो काका, बाजूला बसून सोडा की!" असं कुणीतरी खेकसलं असतं तर मला घरच्यासारखं वाटलं असतं. तिथे फक्त शांतता, आणि त्या शांततेत माझ्या नाडीची गाठ. क्योतोला एका दिवसात देवळं, एक किल्ला, जेवण आणि मुक्काम धरून अकरा वेळा बूट काढले आणि अकरा वेळा घातले. बावीस वेळा वाकलो. एवढ्या वेळा मी आमच्या रीजनल मॅनेजरपुढेही वाकलो नव्हतो.

आणि बूट एकच असला की माणसाची सगळी अब्रू मोज्यांवर येते, हे मुलीने सांगितलं नव्हतं. र्योआन-जी देवळात दगडांची ती प्रसिद्ध बाग आहे. पांढऱ्या खडीवर पंधरा दगड अशा खुबीने मांडलेत, की लाकडी ओसरीवर कुठेही बसलं तरी एक ना एक दगड नजरेआड राहतोच. लोक तासन् तास तिथे मौन बसतात. मीही बसलो, पाय पुढे सोडून. थोड्या वेळाने लक्षात आलं की शेजारची आजीबाई बागेकडे पाहतच नाहीये. माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि तो ओसरीवर कुठूनही दिसत होता.

(शौचालयाच्या वेगळ्या स्लिपर घालून जेवणघरात जाण्याविषयी जपानला गेलेल्या प्रत्येकाने लिहिलेलं आहे. मी तेही केलं.)

ऑकलंडच्या विमानतळावर मात्र बुटांना आयुष्यात पहिल्यांदा मान मिळाला. न्यूझीलंडला बाहेरच्या मातीचं भारी भय. वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणले असतील तर आधीच जाहीर करावं लागतं. जाहीर न करता सापडलात तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. शिवाय गेल्या तीस दिवसांत जंगलात, शेतात किंवा गुराढोरांजवळ गेला होतात का, हेही विचारतात. मी सगळ्याला 'हो' लिहिलं. आयुष्यभर फॉर्म तपासलेला माणूस, रकाना मोकळा सोडवत नाही.

अधिकारी मुलगी बूट घेऊन दिव्याखाली गेली आणि सोलच्या खाचा एखाद्या दंतवैद्यासारख्या बघू लागली. एका खाचेतून तिने काहीतरी टोकरून काढलं. निघण्याआधी सरावाला मी राजमाचीला जाऊन आलो होतो, ती लाल माती. सह्याद्रीचा तेवढा कण जपान पार करून इथवर आला होता, आणि आता या पोरीने तो टिश्यूवर घेतला. ऊर भरून यावा असा प्रसंग, पण मी मोज्यात उभा होतो आणि फरशी गार होती. ती बूट आत घेऊन गेली. परत आणले ते धुऊन, पुसून, लखलखीत. "किती घेतले?" हिने विचारलं. मी म्हटलं, "फुकट." त्यानंतर न्यूझीलंडविषयी ही एक शब्द वाकडा ऐकून घेत नाही.

उत्तरेकडे वाइपुआच्या जंगलात कौरी नावाचे प्रचंड वृक्ष आहेत. मातीतून पसरणाऱ्या एका रोगाने ते मरतात, म्हणून जंगलाच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशकाची सोय केलेली असते. आत जाताना बूट घासायचे, बाहेर येतानाही घासायचे. ताने महुता नावाच्या महावृक्षाचं दर्शन असं पायातले बूट घासून घ्यावं लागतं. आपल्याकडे देवापुढे चप्पल काढायची पद्धत, इथे ती आंघोळ घालून पायात ठेवायची. वाकणं वाचलं म्हणून मी त्या देवाला मनापासून हात जोडले.

इस्तंबूलला पोचेपर्यंत बुटांनी चार महिने भरले होते. तिथल्या पॉलिशवाल्यांची एक युक्ती सगळ्या प्रवाशांना ठाऊक आहे. चालता चालता त्याचा ब्रश 'चुकून' पडतो, तुम्ही भलेपणाने उचलून देता, तो उपकार फेडायला तुमचे बूट पॉलिश करू लागतो आणि शेवटी भलंमोठं बिल येतं. गलाताच्या उतारावर माझ्यापुढे ब्रश पडला. मला सगळं ठाऊक होतं, तरी उचलून दिला. हात मागे घेणं जमत नाही. त्याने ब्रश घेतला, हसला, आणि मग त्याची नजर खाली गेली. उलट्या चामड्याचे ते लव गेलेले कोपरे, व्हिएतनामी टाके, करड्याचा झालेला खाकी रंग. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, हलकेच थोपटलं आणि ब्रश घेऊन पुढे गेला. फसवायच्याही लायकीचा न राहिलेला माणूस कसा दिसतो, ते त्या दिवशी मला हॉटेलच्या आरशात दिसलं.

व्हिएन्नाहून वाट वाकडी करून आम्ही चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिनला गेलो. हट्ट माझा. आमच्या पिढीला बाटा ही ठाण्याची नाही तर कोलकात्याची कंपनी वाटायची. शाळा उघडायच्या आठवड्यात काळे बूट घ्यायला रांगेत उभं राहिलेल्यांना ती परदेशी वाटणार कशी? पण टोमाश बाट्याने ती १८९४ साली या झ्लिनमध्ये काढली. कोलकात्याजवळचं बाटानगर नंतरचं. झ्लिनमध्ये कंपनीच्या कचेरीची एक उंच इमारत आहे, आणि टोमाशच्या मागून कारभार बघणाऱ्या यान बाट्यासाठी तिच्यात जी खोली बांधली ती चक्क लिफ्टमध्ये आहे. टेबल, खुर्ची, हात धुवायचं बेसिन, सगळं लिफ्टमध्ये. साहेबांनी बटण दाबायचं आणि कचेरीसकट मजल्यावर हजर व्हायचं. साऱ्या जगाला चालायला बूट विकायचे आणि आपण खुर्चीतून उठायचं नाही! मी तिथे भारावून उभा असताना डाव्या बुटाचा सोल पुढून उघडला. मगरीसारखा, दर पावलाला जबडा वाजवत. बुटांच्या या पंढरीत मी संध्याकाळपर्यंत हिंडलो, पण शिवून देणारा काही मला सापडला नाही. शेवटी किराणा दुकानातून गोंद घेतला आणि बोटांना लावून उरलेला बुटाला लावला. हनोईची टाच मात्र शेवटपर्यंत हलली नाही. त्या माणसाविषयी मी जे जे बोललो ते मागे घेतो.

स्पेनमध्ये सान्तियागोची वारी. पूर्ण वाट पायरेनीजपासून जवळपास आठशे किलोमीटर, पण प्रमाणपत्रासाठी शेवटचे शंभर पायी चालले तरी चालतात, म्हणून आम्ही सारियापासून निघालो. गॅलिशियात पाऊस. वाटेवरच्या धर्मशाळांत एक कडक नियम असतो. बूट दाराशी मांडणीवर ठेवायचे, खोलीत आणायचे नाहीत. साठ-सत्तर ओले जोड एका भिंतीला, प्रत्येकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. तो वास ज्याने घेतलाय त्याला पापं धुतली जातात म्हणजे काय होतं ते कळतं.

पालास दे रेईच्या मुक्कामी पहाटे साडेपाचला उठलो तर माझा जोड नाही. त्याच्या जागी दुसरा, तसाच करडा, पण सोल जागेवर. जिभेवर ४३ आकडा. माझा ४२.

मी हताश होऊन बाकावर बसलो. ही दात घासत बाहेर आली.

"अगं, बूट गेले."

"वार कुठला आज?"

"शनिवार."

तिने तोंडातला फेस टाकला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, "अहो, मग सोनं झालं! शनिवारी पायताण गेलं म्हणजे साडेसाती गेली. देवळाबाहेर गेलं असतं तर बरं होतं, पण इथेही चर्च आहेच."

हिच्या जांभळ्या फुलांच्या स्लिपर घालून चिखलात पंधरा किलोमीटर जाणं शक्य नव्हतं. मी दोन मोजे चढवून त्या ४३ मध्ये शिरलो. युरोपच्या मापात एका नंबराचा फरक म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. इंग्रजी नंबर जवाच्या दाण्याच्या हिशेबाने, एक तृतीयांश इंचाचा. आपल्याकडेही आठ यवांचं एक अंगुळ होतंच. जगभर माणसाचं पाऊल धान्याने मोजलेलं. फरक फक्त एवढाच की तो एक दाणा दर पावलाला टाचेवर घासला गेला की दहाव्या किलोमीटरला फोड येतो. पण खरं सांगतो, त्या बुटांत पाणी शिरत नव्हतं. सोल बोलत नव्हता. मी मनातल्या मनात शनीला धन्यवाद देऊ लागलो होतो.

मेलिदे गाव ऑक्टोपससाठी प्रसिद्ध. खानावळीत लाकडी ताटल्यांतून ते गुलाबी काप येत होते आणि ही पाव-चीजवर दिवस काढत होती, तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक कोरियन तरुण उठला. माझ्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या. त्याने कमरेत वाकून इतक्या वेळा माफी मागितली की मला क्योतो आठवलं. पहाटे अंधारात, रंग सारखा, पाय सुजलेले, घट्ट वाटले तरी रेटलं बिचाऱ्याने. आम्ही तिथेच बाकावर बसून बुटांची अदलाबदल केली. माझा डावा बूट हातात देताना त्याने सोलचा जबडा दोन बोटांनी हळूच मिटवला.

"आली परत," ही म्हणाली.

सान्तियागोनंतर बसने फिनिस्तेरेला गेलो. नावाचा अर्थच पृथ्वीचा शेवट. तिथे दीपगृहाजवळ खडकावर काशाचा एक बूट बसवलाय. यात्रेकरू पूर्वी इथे आपले कपडे-बूट जाळायचे, आता ते करू देत नाहीत. "ठेवून द्या इथेच," ही म्हणाली. "समुद्र आहे, देव आहे, जागा चांगली आहे." पण गावात परतायला तीन किलोमीटर उतार होता, आणि पिशवीत पर्याय एकच, जांभळी फुलं.

डोंबिवलीला आल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही मारुतीला गेलो. मी मुद्दाम तो जोड घातला, मुद्दाम पायरीच्या अगदी कडेला, रस्त्यावरून हात पोचेल असा काढून ठेवला. आत जाऊन सावकाश दर्शन घेतलं, अकरा प्रदक्षिणा घातल्या, वर भीमरूपी म्हटली, प्रसाद खाल्ला. बाहेर आलो तर आरडाओरड चालू होती. शेजारच्या तीन जणांच्या चपला गेल्या होत्या, त्यातली एक कालच घेतलेली.

माझा जोड जागेवर होता. कुणीतरी तो पायाने जरा बाजूला सारला होता, एवढंच.