दोरी ओढण्याआधी

बीड जिल्ह्यात वीज तयार होते, असं बाहेरच्या पाहुण्याला सांगितलं की तो आधी आपल्याकडे बघतो आणि मग पायरीवर धडधडणाऱ्या जनरेटरकडे. पण खोटं काहीच नाही. परळीच्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. आज तिथे २५० मेगावॉटचे तीन संच उभे आहेत. २०१३च्या दुष्काळात मात्र पाणीच नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पाण्यावाचून वीज नाही आणि विजेवाचून बोअरचं पाणी नाही, असं कोडं ज्या जिल्ह्याला पडतं, त्याने दोरी ओढून चालू होणाऱ्या यंत्रावर भरवसा ठेवला तर नवल नाही.

भारनियमनाच्या जमान्यात फीडरचे 'ए' ते 'जी' असे गट पाडले होते. गळती आणि थकबाकी जितकी जास्त, तितकं अक्षर खालचं आणि अंधार लांब. त्यामुळे शाळेत 'ए' ग्रेड मिळवणारी पोरं 'जी' गटातल्या गावात कंदिलाशी अभ्यासाला बसत. तेव्हा मंडपवाला, फोटो स्टुडिओ, पिठाची गिरणी, झेरॉक्सवाला, सगळ्यांचे जनरेटर रोज राबायचे. पेट्रोलवर चालू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचा. धूर असा, की सप्त्यातल्या कीर्तनकारांच्या डोळ्यांतलं पाणी भक्तीचं की रॉकेलचं, हे श्रोत्यांना कळत नसे. पण यंत्रं ठणठणीत होती. एकही जनरेटर 'का कोण जाणे, चालूच होईना' असं करत नसे.

आता वीज बरीच टिकते आणि नेमके आताच जनरेटर आजारी पडतात. घरोघरी जिन्याखाली, पोत्याच्या आड, जुन्या कुलरच्या शेजारी ते बसलेले असतात. मुलीच्या हळदीच्या दिवशी वीज जाते. मग घरातला सगळ्यात धट्टाकट्टा भाचा बाह्या सरसावून दोरी ओढतो. मग मामा ओढतात. मग नवरदेवाकडचा एकजण 'सरका बरं' म्हणत पुढे येतो. शेवटी प्लग बदलला जातो. प्लगचा दोष असतो म्हणून नव्हे, तर सगळ्यांना ओळखता येणारा तेवढा एकच भाग असतो म्हणून.

खरा दोष बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या जेटमध्ये असतो. सुईच्या टोकाएवढं भोक ते. टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्याचा चिकट थर धरतो आणि भोक बुजतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. ते हवेतला ओलावा धरतं. पाणी फार झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. या इथेनॉलची कथा मोठी न्यारी आहे. आपली माणसं दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्या उसाच्या रसातून, मळीतून इथेनॉल निघतं, पेट्रोलमध्ये मिसळतं आणि टँकरमधून बीडच्या पंपावर येतं. हंगाम सरला की माणसं गावी परततात. त्यांनी तोडलेला ऊस मात्र आधीच येऊन आपल्या जनरेटरच्या टाकीत ठाण मांडून बसलेला असतो.

मिस्त्रीकडे नेलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "सर, किती दिवस बंद व्हता?" डॉक्टर जसा दारूविषयी विचारतो, तसाच हा प्रश्न, उत्तर निम्मंच मिळणार हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं. मग तो तेलाची कांडी बघतो. तेल कमी असेल तर काही यंत्रांतला सेन्सर ठिणगीच पडू देत नाही, आणि घरचे लोक तासभर दोरी ओढून वर इंजिनालाच शिव्या देत असतात. इंजिन चालतंय पण वीज येत नाही, असं असेल तर कार्बन ब्रश, नाहीतर व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर. फार दिवस पडून राहिलेल्या यंत्रातलं चुंबकत्वही कधी कधी ओसरतं; मग मिस्त्री बॅटरीचा क्षणभर झटका देऊन ते जागं करतो.

पुढचा प्रश्न ठरलेला: "कार्बोरेटरचं किट ओरिजिनल टाकू का लोकल?" आपण ओरिजिनल म्हणतो. "मग पुण्याहून मागवावं लागंल. ट्रॅव्हल्सनं येईल." आपण थांबतो. रेल्वेची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाहून २०२५च्या १७ सप्टेंबरला बीडहून अहिल्यानगरची गाडी एकदाची सुटलेली ज्याने बघितली, त्याला कार्बोरेटरच्या किटचा आठवडा जड जात नाही. शिवाय लोकल किट आठवड्याआधीच दगा देतं, हा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी असतो.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीला करू देऊ नका आणि स्वतःही करू नका. उजेड वाढावा म्हणून गव्हर्नरचा स्क्रू पिळू नका. बहुतेक छोटे जनरेटर मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ५० सायकलची वीज देतात. फेऱ्या वाढवल्या की उजेडाबरोबर टीव्हीच्या दुरुस्तीचा खर्चही वाढतो.

सांगायचं एवढंच, की हे यंत्र राबून जितकं झिजत नाही, तितकं विश्रांतीने कुजतं. नवीन असेल तर २० तासांनी तेल बदला, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. महिन्यातून एकदा, वीज असतानाच, त्याला अंगणात आणा. पंधरा मिनिटं दोन पंखे चालवा, मग भार काढून पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. कार्बोरेटर कोरडा राहील. शटर लावून दुकानात तो कधीही चालवू नका, कारण त्याच्या धुरातला विषारी वायू वास न देता जीव घेतो. आणि त्याची वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसू नका, चेंजओव्हर बसवून घ्या. नाहीतर वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते, आणि खांबावर वायरमन चढलेला असतो. शेजारी विचारतीलच, "लाईट असताना जनरेटर कशाला लावला?" त्यांना खुशाल हसू द्या. पुढच्या हळदीला ते तुमच्याकडेच येणार आहेत.