चमचेवाले अण्णा

प्रत्येक आळीत एक अण्णा असतातच. लेकीकडे अमेरिकेत गेलो तर तिथेही भेटले. सहा फूट उंच, घारे, नाव वेगळंच. पण मी मनातल्या मनात अण्णाच म्हणू लागलो. न्यूयॉर्क राज्यात सेनेका नावाचं लांबलचक तळं आहे. तिथल्या लेक ट्राउटचा अण्णांना नाद. निदान ते तसं सांगतात. माझ्या मते नाद आहे तो सामान निवडण्याचा. मासा नुसता निमित्ताला.

आमच्या रत्नागिरीला एक काठी, एक गरी, चार गांडुळं आणि रिकामी दुपार एवढ्यावर भागतं. अण्णांच्या गॅरेजात मात्र गाडीला जागा उरलेली नाही. पाण्यात लकाकणाऱ्या धातूच्या आमिषांना तिकडे चमचेच म्हणतात, आणि इतके चमचे मंत्र्याच्या बंगल्यावरही नसतील. चांदीचा मुलामा दिलेले, तांब्याचे, ठोके मारलेले. ऊन असेल तर हा, ढग असतील तर तो. ऊन-ढग दोन्ही असले की अण्णा घरीच बसतात.

एकदा मी "तुमचा ट्राउट" म्हणालो, तर म्हणाले, शास्त्राप्रमाणे तो ट्राउट नव्हेच, चार! मी चार माशांबद्दल अभिनंदन करून मोकळा झालो. 'चार' ही जातच वेगळी, हे मागाहून कळलं.

एका जुलैत मला होडीत नेलं. तळं 618 फूट खोल. या माशाला दहा अंशांच्या आसपासचं थंडगार पाणी लागतं, म्हणून उन्हाळ्यात तो खाली जाऊन बसतो. आमिष तिथवर पोचवायचं म्हणजे एका बाजूला पोलादी तारेला दहा पौंडांचा शिशाचा गोळा. दुसऱ्या बाजूला पोटात शिसं भरलेली दोरी. ती दर तीस फुटांवर रंग बदलते, म्हणजे किती सोडली ते मोजता येतं. शिवाय नुसती तांब्याची तार. ती गुंडाळायला पूर्वी लोक ग्रामोफोनची चावीची स्प्रिंग वापरत, हे सांगताना अण्णांचा आवाज कातर झाला.

मग होडीमागे हे सगळं ओढत फिरायचं. याला ट्रोलिंग म्हणतात. आपल्याकडचं ट्रोलिंग घरबसल्या होतं. वेग ताशी दोन मैल. एवढ्या वेगाने पुण्यात विसर्जनाची मिरवणूक निघाली, तर पोलीस मंडळांना हार घालतील. या वेगात अण्णांनी तीन तासांत अकरा वेळा चमचा बदलला. मासा विचार करत असेल, की आधी यांचं ठरू दे.

अखेर एक लागला. अण्णांनी तो हळूच पाण्यात सोडला आणि वही काढली. चमचा, खोली, वेग, पाण्याचं तापमान, सगळ्याचे रकाने होते. माशाचा नव्हता.

संध्याकाळी अण्णा आमच्याकडे जेवायला आले. ही भातावर तूप वाढत होती. अण्णांची नजर तिच्या हातातल्या चांदीच्या चमच्यावर खिळली. व्हरमाँटात ज्यूलिओ ब्यूएल नावाच्या माणसाचा चमचा तळ्यात पडला, तो माशाने पकडला, आणि त्यातून हे आमिष निघालं, अशी दंतकथा आहे. 1852 चं पेटंट मात्र खरं. ती सांगून अण्णा म्हणाले, "वहिनी, याचा बाक फार सुरेख आहे. एक छोटंसं भोक पाडलं तर?"

तो चमचा सध्या लेकीच्या कपाटात, कुलपात आहे.