पडला तर आमचा

सरकारी योजनांमध्ये माझी सर्वांत लाडकी योजना म्हणजे कृत्रिम पाऊस. धरण बांधायचं म्हटलं की भिंत दाखवावी लागते. रस्ता केला की निदान पहिल्या पावसापर्यंत तो दिसावा लागतो. टँकरला तर आता जीपीएस लावायला सांगतात, त्यामुळे कागदावरचा टँकर कागदावरच फिरवणं अवघड होऊन बसलंय. कृत्रिम पावसाचा पुरावा मात्र पाऊस, आणि तो बिल न लावता अधूनमधून आपणहून पडतोच. पडला तर विमानामुळे. नाही पडला तर ढग ‘योग्य’ नव्हते. दोन्ही उत्तरं शास्त्राला धरून आहेत, हीच तर या योजनेची खुबी!

शास्त्र असं की विमानाच्या पंखांवरच्या नळकांड्या पेटवून ढगाच्या तळाशी क्षाराचे बारीक कण सोडायचे. त्यांच्याभोवती थेंब मोठे होतात, मोठे थेंब लहानांना गिळत आणखी मोठे होतात (सहकार क्षेत्र जवळून पाहिलेल्यांना ही प्रक्रिया समजावून सांगायला नको) आणि मग खाली येतात. ढग उंच आणि शून्याखाली गार असेल तर सिल्व्हर आयोडाइड. पण मुळात ढग हवा. तोही भरलेला, वाढता हवा. म्हणजे बरसायच्या बेतात असलेल्याला बरस म्हणायचं. दुष्काळ मात्र असे ढग नसले की पडतो.

यावर सरकारने काढलेला तोडगा म्हणजे उशीर. 2019 मध्ये मे महिन्यात मंत्रिमंडळाने 30 कोटी मंजूर केले. तेव्हाच्या औरंगाबादेत विभागीय आयुक्तालयाच्या गच्चीवर रडार चढलं. आयुक्तालयात शिरायला मराठवाड्याच्या शेतकऱ्याला अर्ज लागतो, ढगाला नुसतं टप्प्यात यावं लागतं. विमान ढगांत शिरेपर्यंत ऑगस्ट उजाडला. त्याच सुमारास कोल्हापूर-सांगलीत लोक वरच्या मजल्यांवरून बोटींत उतरत होते. एक राज्य, एक महिना: इकडे पावसाची मनधरणी, तिकडे पावसापासून सुटका.

रंगाचा बेरंग केला तो शास्त्रज्ञांनी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 1973 ते 1986 या काळात बारामतीकडे 11 पावसाळे ढगांत मीठ फवारून पाहिलं होतं आणि पाऊस 24 टक्के वाढल्याचं नोंदवलं होतं. पुढे याच संस्थेने सोलापूरच्या पर्जन्यछायेत 276 ढग निवडले आणि कुठल्यावर फवारायचं, कुठला तसाच सोडायचा, हे नशिबावर सोपवलं. न फवारलेल्या ढगांशी तुलना केली तेव्हा कळलं की 100 चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस सुमारे 18 टक्क्यांनी वाढला. खर्च लिटरमागे 18 पैसे. म्हणजे गोष्ट खोटी नाही, पण योग्य ढग, योग्य वेळ आणि सोडून दिलेले ढग असतील तरच ती खरी ठरते.

हे सोडून दिलेले ढगच राजकारणाला परवडत नाहीत. समजा, पालकमंत्री भरसभेत म्हणाले, “बंधू-भगिनींनो, तुमच्या तालुक्यावरचा ढग आम्ही तुलनेसाठी राखीव ठेवला आहे.” मागून कुणीतरी ओरडणारच, “राखीव? कोणत्या प्रवर्गात?” दुसऱ्या दिवशी शेजारच्या आमदारांचं निवेदन: आमच्या हद्दीत तयार झालेला ढग वाऱ्याचा फायदा घेऊन पळवला. मग ढगाचा पंचनामा, ढगाचा सातबारा, आणि फेरफार व्हायच्या आत तो ढग तेलंगणात. त्यापेक्षा दिसेल त्या ढगावर फवारावं आणि संध्याकाळी प्रसिद्धीपत्रक काढावं.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, त्यात हीच अक्कल वापरायची राहिली. पहिल्या गाडीला 10 वाघिणी, पाणी 5 लाख लिटर. त्या पाण्याचा दोष असा की ते मोजता येत होतं. कुणीही बातमीदार पेन्सिल घेऊन माणशी किती तांब्ये आले ते काढू शकत होता. ढगातलं पाणी असं उघडं पाडत नाही. आणि ते जमिनीवर आल्यावर हंड्यात जातं की उसाच्या फडात, हा प्रश्न विमानाच्या कक्षेबाहेरचा. आकाशातून 18 टक्के जास्त काढायला पैसे मिळतात. कालव्यातून फडात किती जातं ते मोजायला मीटर बसवायचा विषय मात्र बहुधा ढगाळ हवामानामुळे पुढे ढकलला जातो.

या धंद्यात धोका एकच: पाऊस खरोखरच येणे. अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराने चार्ल्स हॅटफिल्ड नावाच्या पाऊसवाल्याशी तोंडी सौदा केला होता, मोरेना जलाशय भरून दे, 10,000 डॉलर घे. त्याने मनोरा उभारून त्यावर आपली गुप्त रसायनं उडवायला सुरुवात केली, आणि जानेवारी 1916 मध्ये असा पाऊस कोसळला की पूल वाहून गेले, एक धरण फुटलं. हॅटफिल्ड पैसे मागायला गेला तर शहराचे वकील म्हणाले, पाऊस तुझा असेल तर नुकसानभरपाईही तूच भर. देवाचा असेल तर तुला पैसे कशाचे? तो खटला 1938 पर्यंत लोंबकळला आणि हॅटफिल्डला छदामही मिळाला नाही.

आपल्या पुढच्या निविदेत म्हणूनच एक कलम आधीच घालून ठेवावं: बिल उड्डाणाच्या तासांवर, पावसाचं श्रेय शासनाकडे, पुराची जबाबदारी देवाकडे. देवाची सही कार्योत्तर मंजुरीत घेता येईल.