लोभाची समान वाटणी

श्रीमंत माणूस लोभी असतो, याबाबत गरीब, मध्यमवर्गीय आणि इतर श्रीमंत यांचे एकमत आहे. हे मत तपासायला १८६५ ची मुंबई सोयीची पडते. तेथे अवघ्या शहराला एकाच वेळी लोभ सुटला होता. पुढे ठपका मात्र मोजक्या शेटांवर आला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. घरातल्या गाद्या उसवून लोकांनी कापूस विकल्याच्या कथा आजही सांगतात. गादीवाल्यांना लोभी म्हटल्याचे कोणी सांगत नाही.

आलेला पैसा कुठे ठेवावा, हा प्रश्न नव्या बँकांनी आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांनी सोडवला. बॅकबे कंपनीच्या नियोजित जमिनीवर तेव्हा मासे पोहत होते; त्यामुळे शेअरचा भाव चढताना आड येईल अशी एकही घन वस्तू तेथे नव्हती. या बाजाराचे अनभिषिक्त राजे म्हणजे सुरतेचे दलाल प्रेमचंद रायचंद. नव्या कंपनीचे शेअर कोणाच्या पदरात पडावेत, हे बरेचसे त्यांच्या शब्दावर ठरे. तोवर त्यांच्याविषयी तक्रार एकच असे: शेजाऱ्याला जास्त शेअर दिले.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला. शांतता प्रस्थापित झाल्याचे इतके दुःख मुंबईला क्वचितच झाले असेल. कापूस गडगडला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायचे होते. ते कोणाकडेच नव्हते. पेढ्यांनी दिवाळे काढले, प्रेमचंदही बुडाले. ज्यांना शेअर मिळालेच नव्हते ते एका रात्रीत निर्लोभी ठरले, आणि श्रीमंतांविषयीचा सर्वांत कडक नैतिक संताप याच वर्गात आढळतो.

एका गटाचा राग मात्र रास्त होता. सरकारचेही भांडवल असलेल्या बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. बँकेने ती उदारपणे वापरली. प्रेमचंदांच्या वर्तुळाला तर फारच उदारपणे. अखेर बँक गुंडाळावी लागली. सट्ट्याला न शिवता बँकेत पैसे गुंतवून स्वस्थ बसलेलेही त्यात भरडले गेले. कारकुनाचा लोभ त्याच्या पगारापाशी थांबतो. दलालाचा लोभ दुसऱ्याच्या पुंजीवर चालतो. श्रीमंताच्या अंगी लोभ अधिक असतो असे यातून सिद्ध होत नाही. त्याला कर्ज अधिक मिळते, एवढे होते.

पडझडीआधी प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. शेटजींवर रागावलेले मुंबईकर त्याच घड्याळावर आपली घड्याळे लावू लागले असावेत.

बॅकबेत भर घालण्याचे काम पुढे १९२० च्या दशकात सरकारने हाती घेतले. अंदाजपत्रक फुगले, गैरव्यवहाराचे आरोप झाले. या वेळी लोभी कोण, हे ठरवायला शेटजी हाताशी नव्हते. आज त्या किनाऱ्यावरच्या घरांचे भाव ऐकून श्रीमंतांच्या हावरेपणावर चर्चा रंगते, आणि चर्चा करणारे जाता जाता तेथे एखादी जागा निघते आहे का, याचीही चौकशी करून ठेवतात.